पर्वतीय नद्यांचे जलगणित : प्रतिमानाचे अंशशोधन

१. प्रश्नाचे स्वरूप

सतलज नदी तिबेटात, मानसरोवर व राक्षसताल या सरोवरांच्या परिसरात उगम पावते. शिपकी खिंडीजवळ ती भारतात प्रवेश करते, खाब येथे स्पिती नदीला सामावून घेते, आणि किन्नौरच्या खोल दऱ्यांतून वाट काढीत भाक्रा येथील २२६ मीटर उंचीच्या धरणापाशी येऊन पोहोचते. भाक्र्यापर्यंतचे तिचे पाणलोट क्षेत्र ५६,००० चौरस किलोमीटरांहून अधिक असून त्यातील निम्म्यापेक्षा जास्त भाग तिबेटात आहे. धरणाजवळची भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, तर वरची शिखरे ६,००० मीटरांच्याही वर गेलेली आहेत.

भाक्रा जलाशय भरण्याचा काळ २१ मे पासून २० सप्टेंबरपर्यंतचा मानला जातो. उरलेले आठ महिने साठवलेल्या पाण्यावर काढावयाचे असतात. मे महिन्यात धरणाच्या अभियंत्यापुढे एकच प्रश्न उभा असतो. यंदा वरून पाणी किती येणार, आणि ते केव्हा येणार? अंदाज प्रत्यक्षापेक्षा अधिक ठरला, तर पंजाब, हरियाणा व राजस्थान येथील रब्बीच्या पिकांना पाणी अपुरे पडते. तो कमी ठरला, तर जलाशय वेळेपूर्वी भरतो, आणि ऐन पावसाळ्यात जादा पाणी खालच्या गावांवर सोडण्याची पाळी येते. या अंदाजासाठी जे गणिती साधन वापरतात, त्यास जलवैज्ञानिक प्रतिमान असे म्हणतात. ते साधन विशिष्ट नदीला जुळेल असे करून घेण्याच्या क्रियेचे नाव अंशशोधन. या पाठात त्या क्रियेचा विचार करावयाचा आहे.

दख्खनच्या नद्यांची सवय असलेल्या वाचकाने आरंभीच एक भेद ध्यानात घ्यावा. कोयनेचे पाणी त्या वर्षीच्या पावसाबरोबर चढते व त्याच्याबरोबर उतरते. सतलजच्या पात्रात जून महिन्यात वाहणारे पाणी मात्र आदल्या जानेवारीत हिमरूपाने पडलेले असू शकते, आणि हिमनदीच्या तोंडातून निघणारे पाणी तर कित्येक दशकांपूर्वीचे असू शकते. भारतीय संशोधकांनी १९८६ ते १९९६ या दहा वर्षांच्या जलताळेबंदावरून काढलेला निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भाक्रा येथे येणाऱ्या वार्षिक पाण्यापैकी सुमारे ५९ टक्के पाणी हिम व हिमनद्या वितळून येते, आणि उरलेले पावसाचे असते. चिनाब नदीसाठी अखनूर येथे हेच प्रमाण सुमारे ४९ टक्के आढळले होते. तेव्हा पर्वतीय नदीचे गणित मांडताना पर्जन्यमापकाइतकेच महत्त्व तापमापकाला द्यावे लागते.

२. प्रतिमान म्हणजे काय?

प्रतिमान म्हणजे नदीच्या पाणलोटाचा जमाखर्च मांडण्याची एक रीत होय. जमेच्या बाजूस पाऊस व हिमपात असतात. खर्चाच्या बाजूस बाष्पीभवन व नदीतून वाहून जाणारे पाणी असते. शिल्लक म्हणजे पर्वतावर साचलेले हिम, हिमनदीतील बर्फ आणि जमिनीत मुरलेले पाणी. प्रत्येक दिवसाचे तापमान व पर्जन्य प्रतिमानाला पुरवावयाचे, आणि त्याने त्या दिवसाचा नदीतील विसर्ग, म्हणजे दर सेकंदास वाहणारे पाणी, सांगावयाचा, असा हा व्यवहार आहे.

या हिशेबात काही संख्या अशा असतात की त्या दिवसागणिक बदलत नाहीत. त्या पाणलोटाच्या स्वभावाशी निगडित असतात. एक अंश उष्णतेने किती हिम वितळते, उंची वाढल्यावर तापमान किती उतरते, वितळलेल्या पाण्यापैकी किती भाग नदीला मिळतो, आजच्या प्रवाहापैकी किती अंश उद्या शिल्लक राहतो, या त्या संख्या. त्यांस प्राचल असे म्हणतात. यांतील काही मोजता येतात. पुष्कळशा मोजता येत नाहीत. न मोजता येणाऱ्या प्राचलांना निरनिराळ्या किमती देऊन पाहावयाच्या, आणि ज्या किमतींनी प्रतिमानाचा जलालेख प्रत्यक्ष मोजलेल्या जलालेखाशी जुळेल त्या स्वीकारावयाच्या, हेच अंशशोधन.

स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात स्टेन बर्गस्ट्रम यांनी विकसित केलेले एचबीव्ही प्रतिमान, आणि यारोस्लाव्ह मार्टिनेक यांनी १९७५ साली मांडलेले हिमवितळण-प्रवाह प्रतिमान ही या प्रकारची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. रूडकी येथे १९७८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेनेही हिमालयातील नद्यांसाठी अशा स्वरूपाचे प्रतिमान तयार केले आहे.

३. अंश-दिन पद्धती

हिम कसे वितळते याचे संपूर्ण भौतिक गणित करावयाचे तर सूर्यकिरणांची तीव्रता, ढग, वारा, हवेतील आर्द्रता व हिमाच्या पृष्ठभागाचा उजळपणा इतक्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पाच हजार मीटर उंचीवर ही सर्व उपकरणे कोण ठेवणार आणि हिवाळ्यात ती कोण वाचणार? म्हणून फिन्स्टरवाल्डर व शुंक यांनी आल्प्स पर्वतातील हिमनदीच्या अभ्यासात १८८७ साली एक सोपी वाट काढली. दिवसाचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या वर जितके अंश असेल, तितक्या प्रमाणात हिम वितळते असे धरावयाचे. दर अंशाला दर दिवशी जितके मिलिमीटर पाणी सुटते, त्या संख्येस अंश-दिन गुणक म्हणतात. हिमासाठी तो बहुधा ३ ते ६ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. उघड्या, मळकट बर्फासाठी तो याहून अधिक असतो, कारण मळका बर्फ सूर्याची उष्णता अधिक शोषून घेतो.

एक उदाहरण सोडवून पाहू. १,००० चौरस किलोमीटर क्षेत्राचे एक पाणलोट कल्पावे. तापमापकाचे ठाणे २,००० मीटर उंचीवर आहे आणि तेथे आजचे सरासरी तापमान २० अंश आहे. पाणलोटाचे उंचीनुसार तीन पट्टे केले :

पहिला पट्टा : सरासरी उंची ३,००० मीटर, क्षेत्र ३०० चौरस किलोमीटर, त्यापैकी हिमाच्छादित १० टक्के, म्हणजे ३० चौरस किलोमीटर.
दुसरा पट्टा : उंची ४,००० मीटर, क्षेत्र ४००, हिमाच्छादित ६० टक्के, म्हणजे २४०.
तिसरा पट्टा : उंची ५,००० मीटर, क्षेत्र ३००, हिमाच्छादित ९५ टक्के, म्हणजे २८५.

उंची एक किलोमीटरने वाढली की तापमान ६.५ अंशांनी उतरते असे धरू. मग तिन्ही पट्ट्यांचे तापमान अनुक्रमे १३.५, ७ व ०.५ अंश येते. अंश-दिन गुणक ४ घेतल्यास वितळणीची खोली ५४, २८ व २ मिलिमीटर होते. प्रत्येकीस त्या त्या हिमक्षेत्राने गुणले असता १६.२ लाख, ६७.२ लाख व ५.७ लाख घनमीटर, एकूण ८९.१ लाख घनमीटर पाणी मिळते. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. भागाकार केला की सरासरी विसर्ग सेकंदास सुमारे १०३ घनमीटर निघतो.

हे सर्व पाणी त्याच दिवशी नदीत येते असे मात्र नाही. काही हिमाच्या थरात अडते, काही जमिनीत मुरते आणि पुढील दिवसांत हळूहळू बाहेर पडते. मार्टिनेक यांच्या प्रतिमानात याची सोय ओहोटी-गुणकाने केली आहे. हा गुणक ०.९ असेल, तर उद्याच्या प्रवाहात आजच्या प्रवाहाचा नऊ-दशांश भाग येतो, आणि नव्याने सुटलेल्या पाण्याचा एक-दशांश भाग त्यात मिसळतो. नदी नव्या पाण्याविना उतरत असते त्या दिवसांच्या नोंदींवरून हा गुणक थेट काढता येतो. अंशशोधन करणाराने येथे एक नियम शिकावा. जे मोजमापावरून मिळू शकते, ते अंदाजाच्या हवाली करू नये.

४. जुळणी मोजावी कशी?

प्रतिमानाचा जलालेख मोजलेल्या जलालेखाशी जुळला, असे नुसत्या डोळ्यांनी पाहून ठरविणे पुरेसे नसते. जे. ई. नॅश व जे. व्ही. सटक्लिफ यांनी १९७० साली यासाठी एक मापनी सुचविली. ती आजही सर्वत्र वापरली जाते. प्रतिमानाच्या चुकांच्या वर्गांची बेरीज करावी. मोजलेल्या विसर्गाचे त्याच्या सरासरीपासूनचे जे फरक असतात, त्यांच्याही वर्गांची बेरीज करावी. पहिल्या बेरजेला दुसरीने भागून येणारी संख्या एकातून वजा करावी. उत्तर १ आले तर जुळणी निर्दोष. ते ० आले, तर प्रतिमान वापरण्याऐवजी नुसती सरासरी सांगितली असती तरी तेवढेच काम झाले असते असा अर्थ. उत्तर शून्याखाली गेले, तर प्रतिमान सरासरीहूनही वाईट.

पाच दिवसांचा मोजलेला विसर्ग सेकंदास १००, १२०, १८०, १६० व १४० घनमीटर आहे असे समजा. सरासरी १४०. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ४,०००. प्रतिमानाने ११०, १३०, १६०, १५० व १४० असे सांगितले. चुकांच्या वर्गांची बेरीज ७००. म्हणून कार्यक्षमता १ वजा ०.१७५, म्हणजे ०.८२५. पाच दिवसांच्या एकूण पाण्यात तूट दीड टक्क्याहूनही कमी. हे निकाल उत्तम वाटतात. परंतु तिसऱ्या दिवशीचा चढ १८० असता प्रतिमानाने १६० सांगितला आहे. तेथे चूक ११ टक्क्यांची आहे. पुराचा इशारा देणाऱ्यास नेमका तोच दिवस हवा असतो.

पर्वतीय नद्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. या नद्या हिवाळ्यात क्षीण असतात व उन्हाळ्यात फुगतात. हे दरवर्षी नियमाने घडते. जे प्रतिमान केवळ हा ऋतुक्रम जाणते, पण यंदाचे वर्ष गेल्या वर्षाहून कसे निराळे आहे हे जाणत नाही, त्यालाही वरील मापनीत भरघोस गुण मिळतात. म्हणून तुलना वर्षाच्या सरासरीशी न करता, त्या त्या तारखेच्या अनेक वर्षांच्या सरासरीशी करावी. प्रतिमान त्याहून सरस ठरले, तरच त्याने काही शिकले असे म्हणावयास हरकत नाही.

५. चुकांची हातमिळवणी

आता या विषयातील मुख्य अडचणीकडे वळू. तिसऱ्या प्रकरणातील उदाहरणात तापमान दर किलोमीटरास ६.५ अंशांनी उतरते असे धरले होते. हा आकडा पाठ्यपुस्तकी आहे. प्रत्यक्ष हिमालयात तो ऋतूप्रमाणे व हवेतील आर्द्रतेप्रमाणे बदलतो. समजा, एखाद्याने ६.५ ऐवजी ५.५ हा दर घेतला. पट्ट्यांचे तापमान १४.५, ९ व ३.५ होईल, आणि सर्व हिशेब पुन्हा केल्यास विसर्ग १०३ ऐवजी १६६ घनमीटर येईल. केवळ एका अंशाच्या फरकाने पाणी ६१ टक्क्यांनी वाढले.

अंशशोधन करणाऱ्याला नदीत १०३ घनमीटर दिसत आहे. तो काय करील? दर बरोबर आहे अशी त्याची समजूत असल्यामुळे तो अंश-दिन गुणक ४ वरून २.४८ वर आणील. उत्तर पुन्हा १०३ येईल, आणि त्याचे समाधान होईल. येथे दोन चुका झाल्या आहेत. परंतु त्या परस्परविरुद्ध दिशेच्या असल्यामुळे एकमेकींना झाकून टाकतात.

हे झाकण कोठवर टिकते ते पाहण्यासारखे आहे. दिवस थंड झाला आणि ठाण्यावरील तापमान १५ अंश राहिले, तर खऱ्या प्राचलांनी ३४ घनमीटर येतात व चुकीच्या जोडीने ३६. फरक नगण्य; कोणास संशय येणार नाही. पण उष्णतेची लाट येऊन ठाण्यावर २५ अंश झाले, तर खरा विसर्ग २३२ घनमीटर होतो, आणि चुकीची जोडी १८३ एवढाच सांगते. तूट २१ टक्क्यांची. ज्या दिवशी नदीकाठच्या लोकांना प्रतिमानाची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवशी ते दगा देते. कारण त्याची परीक्षा मध्यम दिवसांवर झालेली असते, आणि मध्यम दिवशी खरे व खोटे यांत भेद दिसत नाही.

प्राचलांचे अनेक निरनिराळे संच सारखेच चांगले उत्तर देतात, या गोष्टीवर ब्रिटिश जलवैज्ञानिक कीथ बेव्हन यांनी विशेष भर दिला. १९९२ साली त्यांनी व अँड्र्यू बिन्ली यांनी सुचविलेल्या पद्धतीत एकच सर्वोत्तम संच न निवडता, समाधानकारक ठरणारे सर्व संच हाताशी ठेवतात आणि उत्तरही एक संख्या न देता एका मर्यादेत देतात. त्याच वर्षी अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकाकडून सर्वोत्तम संच शोधून घेण्याची एक समर्थ रीत प्रसिद्ध केली. संगणकामुळे शोध वेगवान झाला हे खरे. परंतु झाकलेली चूक संगणकालाही दिसत नाही. जी जुळणी त्याला करावयास सांगितली, तीच तो करतो.

६. दरीतला पर्जन्यमापक आणि शिखरावरचे हिम

हिमालयातील बहुतेक पर्जन्यमापके दरीत, वस्तीजवळ असतात. पाऊस व हिम पडतात ते मुख्यतः वरच्या उतारांवर. शिवाय वाऱ्यात उडणारे हिम मापकाच्या तोंडात पुरतेपणी पडत नाही. जोराच्या वाऱ्यात निम्म्याहूनही कमी हिम नोंदले जाते. याचा परिणाम असा की, जमेच्या बाजूचा आकडाच मुळात लहान येतो.

वरच्या सिंधूच्या खोऱ्यात याचा प्रत्यय फार स्पष्ट आला. तेथील दऱ्यांत नोंदला जाणारा पाऊस इतका थोडा आहे की, त्यातून तेथील नद्या वाहणे व हिमनद्या टिकणे या दोन्ही गोष्टींचा मेळ बसत नाही. २०१५ साली वॉल्टर इमरझील व सहकाऱ्यांनी हिमनद्यांच्या वस्तुमानाचा ताळेबंद घेऊन उलट दिशेने हिशेब केला, आणि काही उंच भागांत प्रत्यक्ष पर्जन्य पूर्वीच्या समजुतीच्या दहापटीपर्यंत असावे असे दाखविले.

ही गोष्ट अंशशोधनाच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे ते पुन्हा एका कल्पित उदाहरणाने पाहू. १,००० चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून वर्षाला ८०० मिलिमीटर खोलीइतके, म्हणजे ८० कोटी घनमीटर पाणी वाहून जाते. पाणलोटाचा पाचवा भाग हिमनद्यांनी व्यापलेला आहे. दरीतील मापकाची वार्षिक नोंद ३०० मिलिमीटर आहे.

पहिला गणक या नोंदीवर विसंबतो. ३०० तून बाष्पीभवनाचे १०० वजा करता २०० उरतात. मग उरलेले ६०० मिलिमीटर हिमनद्यांच्या साठ्यातून आले असे तो मानतो, आणि बर्फाचा अंश-दिन गुणक वाढवून जुळणी करून घेतो. दुसरा गणक उंचीबरोबर पर्जन्य वाढते असे धरतो. त्याचे सरासरी पर्जन्य ८५० मिलिमीटर येते. बाष्पीभवन १५० वजा करता ७०० उरतात, आणि साठ्यातून केवळ १०० मिलिमीटर घ्यावे लागतात. दोघांचाही जलालेख नदीशी तंतोतंत जुळतो.

दोघांत खरा कोण, हे नदी सांगू शकत नाही. ते हिमनदीला विचारावे लागते. पहिल्याच्या हिशेबाने हिमनद्यांचा पृष्ठभाग दरवर्षी पाण्याच्या मापाने ३ मीटर खचला पाहिजे. दुसऱ्याच्या हिशेबाने अर्धा मीटर. उपग्रहांनी घेतलेल्या उंचीच्या नकाशांवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिमालयातील हिमनद्यांची सरासरी घट १९७५ ते २००० या काळात वर्षाला सुमारे ०.२२ मीटर, व २००० ते २०१६ या काळात सुमारे ०.४३ मीटर आढळली. तेव्हा पहिल्या गणकाची प्राचले जुळत असूनही अग्राह्य ठरतात.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. पुढे काही दशकांनी हिमनद्यांचे क्षेत्र निम्मे झाले आणि दर चौरस मीटरमागची घट तितकीच राहिली असे समजा. पहिला गणक सांगेल की नदीचे पाणी ८० कोटींवरून ५० कोटी घनमीटरांवर येईल. दुसरा सांगेल, ७५ कोटींवर येईल. २५ कोटी घनमीटरांचा हा फरक एखादे धरण बांधावे की नाही, कालव्याखाली किती जमीन आणावी, आणि शेतकऱ्याला कोणते वचन द्यावे, हे ठरविणारा आहे. आजच्या नदीशी दोघेही सारखेच जुळत होते, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या उपयोगी पडणार नाही.

७. अंशशोधनाची शिस्त

वरील विवेचनावरून कामाचा एक क्रम ठरतो.

पहिली पायरी, मोजमापांची तपासणी. मोजलेला विसर्ग म्हणजे सत्यच, असे समजू नये. पर्वतीय नदीत सहसा पाण्याची पातळी वाचतात, आणि पातळी व विसर्ग यांच्या आलेखावरून विसर्ग काढतात. पुरात धोंडे वाहत येऊन पात्राचा आकार बदलला, की जुना आलेख खोटा ठरतो.

दुसरी पायरी, पाण्याचा वार्षिक ताळेबंद. आधी पर्जन्य, बाष्पीभवन व हिमनद्यांची घट यांचा वर्षाचा मेळ बसवावा. दैनिक जलालेखाकडे नंतर वळावे.

तिसरी पायरी, हिमाची जुळणी. अमेरिकेचा टेरा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये अवकाशात गेला, आणि २००० पासून त्याच्या मोडिस या उपकरणाने टिपलेली हिमाच्छादनाची चित्रे उपलब्ध आहेत. प्रतिमानातील हिमरेषा मे व जून महिन्यांत ज्या वेगाने वर सरकते, तोच वेग चित्रांत दिसला पाहिजे. पाचव्या प्रकरणातील चुकीची जोडी येथे पकडली जाते. तिच्या हिशेबाने उंच पट्ट्यातील हिम वाजवीपेक्षा लवकर संपते व खालच्या पट्ट्यातील हिम रेंगाळते.

चौथी पायरी, प्रवाहाची जुळणी. ओहोटी-गुणक व जमिनीत मुरण्याविषयीची प्राचले शेवटी घ्यावीत. त्यांनी पाण्याची वेळ सुधारावी; पाण्याचे एकूण प्रमाण भरून काढण्याचे काम त्यांच्यावर टाकू नये.

पाचवी पायरी, पडताळा. ज्या वर्षांवर अंशशोधन केले त्याच वर्षांवर परीक्षा घेणे म्हणजे विद्यार्थ्याला उत्तरांसह प्रश्नपत्रिका देणे होय. व्हीत क्लेमेश यांनी १९८६ साली याचे नियम स्पष्टपणे मांडले. नोंदींचे दोन भाग करावेत; एकावर अंशशोधन व दुसऱ्यावर पडताळा घ्यावा, आणि मग अदलाबदल करावी. त्यांची याहून कठोर कसोटी अशी की, पुढे हवामान बदलले असता प्रतिमान वापरावयाचे असेल, तर दोन भाग परस्परांहून भिन्न स्वभावाचे निवडावेत. ते थंड वर्षांवर घडवावे व उष्ण वर्षांवर तपासावे. ओल्या वर्षांवर घडवावे व कोरड्या वर्षांवर तपासावे. जे या कसोटीस उतरत नाही, त्याने पन्नास वर्षांनंतरचे भाकीत करू नये.

८. अंशशोधनाच्या पलीकडचे

अंशशोधन कितीही काळजीपूर्वक केले, तरी नोंदींत जे कधी आलेच नाही ते प्रतिमान शिकू शकत नाही. १ ऑगस्ट २००० रोजी सतलजला अकस्मात महापूर आला. किन्नौरपासून रामपूरपर्यंत पूल, रस्ते व घरे वाहून गेली, आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. २००४ साली स्पितीस मिळणाऱ्या पारेछू नदीवर, तिबेटाच्या हद्दीत, दरड कोसळून एक सरोवर तयार झाले. २६ जून २००५ रोजी तो बांध फुटला व पुराचा लोंढा सतलजमध्ये उतरला. पूल व रस्ते यांची हानी झाली. परंतु सरोवरावर आधीपासून लक्ष असल्यामुळे आणि काठच्या वस्त्या हलविल्यामुळे मोठी प्राणहानी टळली. तापमान व पर्जन्य यांवरून चालणाऱ्या कोणत्याही प्रतिमानाला दरडीने अडविलेल्या सरोवराची वार्ता नसते. ती उपग्रहाच्या चित्रांतून व सीमेपलीकडून येणाऱ्या माहितीतूनच मिळावयास हवी.

म्हणून प्रतिमानाचा अंदाज अधिकाऱ्यांच्या हाती देताना जलवैज्ञानिकाने तीन गोष्टी सोबत द्याव्यात : कोणत्या वर्षांवर अंशशोधन केले, कोणत्या वर्षांवर पडताळा घेतला, आणि समाधानकारक ठरलेल्या सर्व संचांची उत्तरे किती ते किती या मर्यादेत पसरली आहेत. केवळ एक संख्या देणे सोयीचे असते. मर्यादा देणे प्रामाणिकपणाचे असते. अंदाजात दहा टक्के चूक संभवते हे ज्या अभियंत्याला ठाऊक आहे, तो जलाशयात तितकी जागा राखून ठेवू शकतो. ज्याला ते सांगितलेलेच नाही, त्याला ती राखण्याचे कारणही कळत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तिसऱ्या प्रकरणातील उदाहरणात ठाण्यावरील तापमान १८ अंश असेल, तर खरी प्राचले (६.५ व ४) आणि चुकीची जोडी (५.५ व २.४८) घेऊन वितळणीचा विसर्ग काढा. शून्याखालील तापमानाच्या पट्ट्यात वितळण शून्य धरावी.

२. चौथ्या प्रकरणातील मोजलेल्या विसर्गासाठी दुसऱ्या एका प्रतिमानाने ९०, ११०, १८०, १५० व १३० असे उत्तर दिले. त्याची कार्यक्षमता व एकूण पाण्यातील चूक काढा. पुराच्या इशाऱ्यासाठी दोहोंपैकी कोणते प्रतिमान घ्याल, आणि जलाशय भरण्याच्या अंदाजासाठी कोणते? कारणे द्या.

३. सहाव्या प्रकरणातील पाणलोटात हिमनद्यांची मोजलेली वार्षिक घट एक मीटर आढळली, आणि बाष्पीभवन १५० मिलिमीटर असेल, तर सरासरी वार्षिक पर्जन्य किती असले पाहिजे? हिमनद्यांचे क्षेत्र निम्मे झाल्यावर नदीतून किती पाणी वाहील?